सायलेन्सर तर बदलला, आता खोका बसवू का?

प्रश्न : माझ्याकडे २०२२ ची क्लासिक ३५० आहे. दिवाळीत हौसेनं मोकळा सायलेन्सर आणि परफॉर्मन्स एअर फिल्टर लावला. आवाज झकास झाला, पण थ्रॉटल सोडला की मागून फटाके फुटतात आणि तीन हजार आरपीएमच्या आसपास गाडी हिसके देते. एक दुकानदार म्हणतो, ‘‘भाऊ, फ्यूल ट्यूनर टाकून घे. तुझ्या मॉडेलचा रेडीमेड मॅप आहे, अर्ध्या तासात बसतो, पंधरा टक्के पॉवर वाढते.’’ दुसरा म्हणतो, नागपूरच्या उन्हात असल्या भानगडी करू नको, इंजिन बसेल. मामा म्हणतात, आमच्या वेळी जेट बदललं की काम भागायचं. हा खोका नेमकं करतो काय? पॉवर देतो का? आणि बंगळुरूत बनवलेला मॅप आपल्या मे महिन्यात चालेल का?
– एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : मामा चुकीचं सांगत नाहीत, पण त्यांचा इलाज तुमच्या गाडीला लागू पडत नाही. कार्ब्युरेटरमध्ये आत जाणारी हवाच पेट्रोल ओढून घेते. हवा वाढली की पेट्रोलही साधारण त्याच प्रमाणात वाढतं. सायलेन्सर मोकळा केला की हा हिशेब थोडा हुकतो. तेवढ्यासाठी मेन जेट एक-दोन नंबरनं मोठं करायचं, एअर स्क्रू पाव फेरा फिरवायचा, चक्कर मारून यायचं आणि प्लग काढून त्याचा रंग बघायचा. विटकरी-तपकिरी दिसला तर छान, पांढरा पडला तर पेट्रोल कमी, काजळी धरली तर जास्त. जुन्या मेकॅनिकांचे कान आणि डोळे यात इतके तयार होते की मोजमापाची गरजच पडत नसे.

तुमच्या गाडीत हवा पेट्रोल ओढत नाही. तिथे इंजेक्टर आहे, म्हणजे विजेवर उघडझाप करणारी बारीक तोटी. टाकीतला पंप तिच्यामागे सुमारे तीन बारचा दाब कायम ठेवतो आणि ती किती वेळ उघडी ठेवायची ते ईसीयू, म्हणजे इंजिनचा छोटा संगणक, ठरवतो. हे काम किती बारीक आहे ते पाहा. साडेतीनशे सीसीचं इंजिन पूर्ण थ्रॉटलवर एका वेळी साधारण एक तृतीयांश ग्रॅम हवा आत घेतं. तिच्यासाठी लागणारं पेट्रोल भरतं जेमतेम २५ मिलिग्रॅम, म्हणजे पुरता एक थेंबही नाही. सहा हजार आरपीएमला फोर-स्ट्रोक इंजिनचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांत संपतं. एवढ्या वेळात तोटी उघडायची, तो पाऊण थेंब सोडायचा आणि पुन्हा बंद व्हायची.

आता मुद्द्याची गोष्ट. आत नेमकी किती हवा गेली हे तुमच्या ईसीयूला ठाऊक नसतं. अनेक मोटारगाड्यांत हवा मोजणारा सेन्सर असतो. मोटरसायकलींत तो जवळपास नसतोच. थ्रॉटल किती उघडला, आरपीएम किती, मॅनिफोल्डमध्ये दाब किती, आत येणारी हवा किती गरम, एवढं पाहून ईसीयू आपल्या तक्त्यात डोकावतो आणि अंदाज बांधतो : या थ्रॉटलला, या आरपीएमला हे इंजिन इतकी हवा घेत असणार. हा तक्ता कंपनीनं मूळ सायलेन्सर, मूळ फिल्टर आणि धूर साफ करणारा मूळ कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लावून, इंजिन चाचणीच्या स्टँडवर ताणून-ताणून तयार केलेला असतो. तो बीएस-६ च्या धुराच्या निकषांत बसतो की नाही हे तपासल्याशिवाय गाडी विकता येत नाही. असं तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या देशातल्या संस्थांपैकी एक आपल्या पुण्यात आहे, १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय.

तुम्ही सायलेन्सर आणि फिल्टर बदलले, पण तक्ता जुनाच राहिला. बरं, मोकळ्या सायलेन्सरनं सगळीकडे हवा वाढली असती तरी सोपं होतं. तसं होत नाही. एक्झॉस्टच्या नळीत दाबाच्या लाटा पुढे-मागे धावत असतात. एखाद्या आरपीएमला परतणारी लाट सिलिंडर रिकामा व्हायला मदत करते, तर दुसऱ्या आरपीएमला तीच लाट जळका वायू उलटा आत ढकलते. नळीची लांबी, जाडी आणि आतले पडदे बदलले की या जागा सरकतात. त्यामुळे तुमचं इंजिन आता पाच हजारांना पूर्वीपेक्षा जास्त हवा घेत असेल आणि तीन हजारांना कदाचित कमी. ईसीयूला यातलं काही माहीत नाही. तुमच्या हिसक्यांचं मूळ बहुधा इथे आहे. ते जर कमी थ्रॉटलवरच बसत असतील, तर मात्र सायलेन्सरला दोष देण्याआधी चेनचा ढिलेपणा तपासा. हसू नका, ढिल्या चेनचे हिसके ट्यूनिंगच्या माथी मारलेले आम्ही पाहिले आहेत.

फटाक्यांचं निराळं आहे. थ्रॉटल सोडला की ईसीयू पेट्रोल जवळपास बंद करतो. तरी थोडं न जळलेलं मिश्रण गरम नळीत जातं आणि तिथे हवा मिळाली की पेटतं. मूळ सायलेन्सरमध्येही हे थोडंफार घडत असतंच, पण जाड पडद्यांमुळे आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमुळे आपल्याला ऐकू येत नाही. मोकळ्या सायलेन्सरनं ते फक्त ऐकू येऊ लागलं. त्यात भर म्हणून नवीन सायलेन्सर लावताना बेंडपाइपच्या जोडावरचं गॅस्केट जुनंच वापरलं असेल, तर तिथून बाहेरची हवा आत खेचली जाते आणि फटाके दुप्पट होतात. शंभर-दोनशे रुपयांचं गॅस्केट आधी बदला. पुष्कळदा निम्मा त्रास तिथेच संपतो आणि हजारोंचा खोका घ्यायची घाई राहत नाही.

आता खोक्याकडे येऊ. बाजारात ‘ट्यूनर’ या एकाच नावाखाली चार-पाच वेगळ्या वस्तू विकल्या जातात आणि सगळा घोळ तिथे आहे.

सगळ्यात स्वस्त म्हणजे काही शे रुपयांची ‘चिप’. ती फोडून पाहिली तर आत एक रेझिस्टर निघतो. तो हवेच्या तापमानाच्या सेन्सरच्या वायरीत बसतो आणि ईसीयूला खोटं सांगतो की बाहेर गारठा आहे. गार हवा जड असते, म्हणून ईसीयू सरसकट पेट्रोल वाढवतो. ते जिथे हवं होतं तिथेही वाढतं आणि जिथे नको होतं तिथेही. ही वस्तू फुकट मिळाली तरी घेऊ नका. नागपुरात तर मुळीच नाही, त्याचं कारण पुढे येईलच.

दुसरा प्रकार ऑक्सिजन सेन्सरच्या सिग्नलमध्ये फेरफार करणारा. तो समजायला सेन्सरचं काम माहीत हवं. पेट्रोल पूर्ण जळायला वजनानं १४.७ पट हवा लागते. हे प्रमाण अचूक असेल तर त्याला लॅम्डा १ म्हणतात. पेट्रोल जास्त असेल तर लॅम्डा एकच्या खाली येतो, कमी असेल तर वर जातो. तुमच्या गाडीच्या बेंडपाइपमधला सेन्सर ‘नॅरोबँड’ जातीचा आहे. त्याला फक्त दोनच गोष्टी सांगता येतात : पेट्रोल जास्त आहे किंवा कमी आहे. किती, ते सांगता येत नाही. शांतपणे एका वेगात जाताना ईसीयू त्याचं ऐकून पेट्रोल सतत थोडं कमी-जास्त करत लॅम्डा १ च्या आसपास राहतो, कारण कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तेवढ्याच अरुंद पट्ट्यात नीट काम करतो. तुम्ही थ्रॉटल जोरात पिळला की मात्र ईसीयू सेन्सरचं ऐकणं सोडतो आणि तक्त्यावर विसंबतो, कारण पूर्ण ताकदीसाठी लॅम्डा ०.८५ ते ०.९ च्या आसपास लागतो आणि तिथे हा सेन्सर आंधळा असतो.

म्हणजे वर्धा रोडवर ताशी साठच्या वेगानं निवांत जाताना तुमची गाडी स्वतःच चूक दुरुस्त करून घेते. चूक उरते ती थ्रॉटल वेगानं उघड-बंद करताना आणि पूर्ण पिळल्यावर. सेन्सरच्या सिग्नलशी खेळणारे खोके निवांत चालीतलं मिश्रण जरा घट्ट करतात. त्यानं गाडी मऊ चालते, हिसके कमी होतात, ॲव्हरेज थोडं पडतं. पूर्ण पिळलेल्या थ्रॉटलवर त्यांचा काही उपयोग नाही.

तिसरा प्रकार म्हणजे खरा पिगीबॅक ट्यूनर. बंगळुरूच्या रेस डायनॅमिक्सचा पॉवरट्रॉनिक आणि अमेरिकेतल्या डायनोजेटचा पॉवर कमांडर ही यातली जाणती नावं. हा खोका ईसीयू आणि इंजेक्टर यांच्यामध्ये बसतो. ईसीयूनं तोटी आठ मिलिसेकंद उघडायला सांगितली की आपल्या तक्त्यात पाहून तो ती साडेआठ उघडी ठेवतो किंवा साडेसात. काही पिगीबॅक प्लगच्या ठिणगीची वेळही पुढे-मागे करतात. या तक्त्यात एका बाजूला थ्रॉटलची टक्केवारी, दुसऱ्या बाजूला आरपीएम, आणि मधल्या शे-दोनशे घरांत एकेक आकडा. हाच तक्ता म्हणजे ‘मॅप’, आणि खोक्याची सगळी करामत त्या आकड्यांत आहे. घरं रिकामी असतील तर खोका बसवूनही गाडी जशीच्या तशीच चालेल.

याहून पुढे मूळ ईसीयूचाच तक्ता बदलणं येतं, ज्याला पोरं ‘रीमॅप’ किंवा ‘फ्लॅश’ म्हणतात. आणि अगदी शेवटी रेसच्या गाड्यांना लावतात तो संपूर्ण वेगळा ईसीयू. तुम्हाला त्याची गरज नाही.

पंधरा टक्क्यांच्या दाव्याचं बघू. तुमचं इंजिन २०.२ बीएचपीचं. पंधरा टक्के म्हणजे तीन हॉर्सपॉवर. पॉवर येते ती हवेतून. जास्त हवा आत गेली तरच जास्त पेट्रोल जाळता येतं. खोका हवेचा एक कणही आत ढकलत नाही. हवा वाढलीच असेल तर ती फिल्टर-सायलेन्सरनं वाढवली, आणि साडेतीनशेच्या या मंद, लांब स्ट्रोकच्या इंजिनमध्ये ती वाढ बेताचीच असते. खोका फार तर चुकलेलं मिश्रण जागेवर आणतो. मिश्रण बरंच चुकलं असेल तर फरक जाणवेल, कमी चुकलं असेल तर दोन-चार टक्क्यांच्या पुढे जाणार नाही. दुकानदार ज्याला पॉवर म्हणतो आहे ते बहुधा थ्रॉटलचं चटकन प्रतिसाद देणं आहे. ते सुखद असतं, नाकारत नाही. पण त्याला बीएचपी म्हणू नये.

इंजेक्शन आलं म्हणजे ताकद आली, हा गैरसमज आपल्याकडे जुना आहे. भारतात मोटरसायकलवर इंजेक्शन पहिल्यांदा आलं ते २००६ साली हीरो होंडाच्या ग्लॅमरवर. पुढच्याच वर्षी आपल्या पुण्याच्या बजाजनं पल्सर २२० डीटीएस-एफआय काढली आणि तरुणांनी तिच्यावर जीव टाकला. दोन वर्षांनी, २००९ मध्ये, बजाजनं तीच पल्सर चक्क कार्ब्युरेटर लावून पुन्हा बाजारात आणली. किंमत कमी झाली आणि ताकद २० पीएसवरून २१ पीएसवर गेली! ‘फास्टेस्ट इंडियन’ म्हणून जिची जाहिरात झाली ती हीच कार्ब्युरेटरवाली. इंजेक्शनचं खरं काम अचूकतेचं : थंडीत पहिल्या सेल्फला चालू होणं, ॲव्हरेज, आणि मुख्य म्हणजे धूर. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं आणि मग जवळपास सगळ्याच कंपन्यांना ते लावावं लागलं.

आता रेडीमेड मॅप. तुमच्याच मॉडेलसाठी, पण कुठला तरी दुसरा सायलेन्सर आणि दुसरा फिल्टर लावून कुणीतरी तो बनवला असणार. वर सांगितलेल्या लाटा तुमच्या नळीत वेगळ्या जागी आहेत. दुसऱ्याच्या मापानं शिवलेला सदरा अंगात जातो, पण बसत नाही. रेडीमेड मॅपनं गाडी बिघडेल असं नाही, कारण ते बनवणारे शहाणे लोक मुद्दाम थोडं पेट्रोल जास्त ठेवतात. चूक झालीच तर सुरक्षित बाजूला व्हावी म्हणून. तुमचं ॲव्हरेज पडेल, प्लग काळा होईल, इंजिन वाचेल. अडीच-तीन हजारांचा हिसका मात्र तिथेच राहण्याची शक्यता दांडगी.

बंगळुरूच्या मॅपबद्दलचा तुमचा प्रश्न मला सगळ्यात आवडला, कारण त्याचं उत्तर अपेक्षेपेक्षा उलटं आहे. बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटरवर आहे, नागपूर ३१० मीटरवर. उंचीवर हवा विरळ, म्हणून वाटतं की तिथला मॅप इथे कमी पेट्रोल देणार. पण उष्णतेनंही हवा विरळ होते. आकडे मांडून पाहिले तर नागपुरातली ४५ अंशांची मे महिन्याची दुपार आणि बंगळुरूतली २५ अंशांची दुपार, दोन्हीकडच्या एक लिटर हवेचं वजन जवळपास सारखंच भरतं, साधारण १.०६ ग्रॅम. याउलट नागपुरातच जानेवारीच्या पहाटे पारा १० अंशांवर असताना तीच लिटरभर हवा १.२ ग्रॅमच्या घरात जाते. म्हणजे दोन शहरांतल्या फरकापेक्षा आपल्या एकाच शहरातल्या दोन ऋतूंतला फरक मोठा, तेरा-चौदा टक्क्यांचा. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश नोंदले गेले होते. त्या दिवशी तर हवा आणखी पातळ.

मग दर ऋतूला मॅप बदलायचा का? नाही. हवेचं तापमान आणि दाब मोजून ईसीयू ही दुरुस्ती स्वतः करतो. ट्यूनर त्या दुरुस्त केलेल्या आकड्यावरच आपली टक्केवारी लावतो, त्यामुळे बंगळुरू-नागपूर हा प्रश्न मुळातच फार उरत नाही. पण एका अटीवर : तापमानाचा सेन्सर खरं बोलत असला पाहिजे. काही शे रुपयांच्या त्या चिपला मी नाही म्हटलं ते यासाठी. ऋतूंमधली दुरुस्ती ज्या एका सेन्सरच्या भरवशावर होते, त्यालाच ती खोटं बोलायला लावते. ज्या शहरात एका वर्षात पारा १० पासून ४५ पर्यंत फिरतो, तिथे हा सगळ्यात वाईट सौदा.

तुमच्या दुसऱ्या दुकानदाराची उन्हाची भीती मात्र एका बाबतीत रास्त आहे, ठिणगीच्या वेळेची. खोक्यातून इग्निशन दोन-तीन अंश आधी घेतलं की जानेवारीत गाडी तरतरीत वाटते. मेमध्ये भर दुपारी, व्हेरायटी चौकाच्या सिग्नलवर तापलेलं हवा-तेलावर थंड होणारं इंजिन, आत येणारी गरम हवा, मागे एक माणूस, टॉप गिअर, कमी आरपीएम आणि पूर्ण थ्रॉटल, अशी जुळणी झाली की मिश्रण ठिणगीच्या वेळापत्रकाबाहेर पेटतं आणि धातूवर खडे आपटल्यासारखी टकटक ऐकू येते. हेच नॉकिंग. तुमच्या वर्गातल्या बहुतेक गाड्यांत ते ओळखणारा सेन्सर नसतो, त्यामुळे ईसीयूला पत्ताच लागत नाही. त्यातच मिश्रणात पेट्रोल कमी पडत असेल तर पिस्टनचं आयुष्य कमी होतं. म्हणून खोका बसवलातच, तर इग्निशनच्या घरांना हात लावू देऊ नका. पेट्रोलच्या आकड्यांत चुकलं तर बहुधा ॲव्हरेजवर भागतं, इग्निशनमध्ये चुकलं तर इंजिन उघडावं लागतं.

आता इथेनॉल. नागपूरकरांना ते नवं नाही. २०१४ साली इथेनॉलवर धावणारी स्कॅनियाची हिरवी बस देशात पहिल्यांदा आपल्याच रस्त्यांवर आली होती, आणि आपले खासदार नितीन गडकरी तर इथेनॉलचे देशातले सगळ्यात बोलके पुरस्कर्ते. पंपावर आता ई-२० मिळतं. शुद्ध इथेनॉल जळायला वजनानं फक्त नऊ पट हवा पुरते, त्यामुळे ई-२० चं अचूक प्रमाण १४.७ वरून साधारण १३.५ वर येतं. सोप्या भाषेत, तेवढ्याच हवेला इंधन जास्त लागतं. निवांत चालीत ऑक्सिजन सेन्सर ते सांभाळून घेतो. पूर्ण पिळलेल्या थ्रॉटलवर, जिथे ईसीयू सेन्सरचं ऐकत नाही, तिथे जुन्या तक्त्याला ते कळत नाही आणि मिश्रण तेवढं पातळ होतं. चार-पाच वर्षांपूर्वीचा रेडीमेड मॅप कुणी गळ्यात मारत असेल, तर तो कुठल्या पेट्रोलवर बनवला होता हे विचारा. उत्तर देताना तो अडखळला, तर तुम्हाला उत्तर मिळालं. इथेनॉलची एक जमेची बाजूही आहे : त्याचा ऑक्टेन वरचा असल्यानं नॉकिंगला ते थोडा आवर घालतं.

मग हे नीट करायचं कसं? मोजून. बेंडपाइपमध्ये एक बूच वेल्ड करून वाइडबँड सेन्सर लावतात. तो नॅरोबँडसारखा जास्त-कमी सांगून थांबत नाही, लॅम्डाचा नेमका आकडा सांगतो. गाडी डायनोवर, म्हणजे मागच्या चाकावरची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर चढवतात, तीसुद्धा ब्रेक असलेल्या डायनोवर, म्हणजे मागचं चाक एका ठरावीक आरपीएमला रोखून धरता येतं. मग दहा टक्के थ्रॉटल, अडीच हजार आरपीएम : आकडा बघा, घर भरा. तीन हजार : आकडा बघा, घर भरा. असं एकेक घर. मधूनमधून इंजिन थंड होऊ द्यायचं. काम कंटाळवाणं आहे, अर्धा दिवस सहज जातो, आणि म्हणूनच ‘अर्ध्या तासात बसतो’ हे ऐकलं की माझे कान टवकारतात. डायनोवर पूर्ण थ्रॉटलच्या दोन धावा मारून ग्राफ हातात देणारे बरेच भेटतील. पण विचार करा, प्रतापनगर ते सीताबर्डी जाताना तुम्ही पूर्ण थ्रॉटलवर किती क्षण असता? तुमचं आयुष्य दहा ते तीस टक्के थ्रॉटलमध्ये जातं आणि हिसकेही तिथेच बसतात. पैसे मोजायचेच असतील तर त्या घरांसाठी मोजा. खोका कुणीही विकतो, ती घरं बसून भरणारा माणूस शोधावा लागतो.

डायनो जवळ नसेल तर वाइडबँड लावून रस्त्यावर नोंदी घेत ट्यूनिंग करता येतं. पण पूर्ण थ्रॉटलच्या नोंदी घ्यायला नागपूरजवळ मोकळी, कायदेशीर जागा कुठली? समृद्धी महामार्ग डोळ्यांसमोर येत असेल तर विसरा, तिथे दुचाकींना प्रवेशच नाही. आणि रिंग रोड ही प्रयोगशाळा नव्हे. ज्यांना खरंच ताणायचं आहे ते लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर होणाऱ्या ड्रॅग शर्यतींना जातात, किंवा चेन्नई-कोइम्बतूरच्या ट्रॅकवर.

कायद्याचं सांगितल्याशिवाय हे उत्तर पुरं होणार नाही, आणि ते ऐकायला आवडणारही नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीनं नोंदवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीनं कलम १८२-अ आलं, त्यात बेकायदा फेरफारासाठी मालकाला दर फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आवाज आणि धुराच्या मर्यादा ओलांडल्या तर कलम १९० खाली दहा हजार रुपयांपर्यंत दंड आणि तीन महिने लायसन्स जाऊ शकतं. राज्यातल्या शहरांत पोलीस फटाके फोडणारे सायलेन्सर जप्त करून रोडरोलरखाली घालतात, त्याचे फोटो तुम्हीही पाहिले असतील. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढलेली गाडी पीयूसीच्या केंद्रावर कधीकधी निसटते, कारण तिथे धूर फक्त आयडलिंगला तपासतात. निसटली म्हणून ती कायदेशीर होत नाही. देशाच्या हवेचा अभ्यास करणारी नीरी ही संस्था वर्धा रोडलाच आहे आणि तिच्याच फाटकासमोरून आपण हे सायलेन्सर वाजवत जातो, हा विनोद आपला आपणच केलेला. शिवाय वॉरंटीचा आणि अपघात झाल्यास विम्याच्या दाव्याचा प्रश्न आहेच.

म्हणून माझा सल्ला : आधी गॅस्केट बदला, चेन तपासा, मग मूळ सायलेन्सर परत चढवा, मूळ फिल्टर परत चढवा. हिसके आणि फटाके गेले, तर तुमचं ट्यूनिंग फुकटात झालं. आवाज हवाच असेल तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर शाबूत ठेवणारा, मान्यताप्राप्त सायलेन्सर घ्या. त्याच्यासोबत मूळ ईसीयू सहसा जमवून घेतो आणि खोक्याची वेळच येत नाही. गाडी ट्रॅकवर न्यायची असेल, तर पिगीबॅक घ्या, पण खोक्याइतकेच पैसे मोजणीसाठी बाजूला ठेवा.

प्रश्न : ऑक्सिजन सेन्सरची पिनच काढून टाकली तर गाडी ‘ओपन’ होते म्हणतात. खरं का?
– एक वाचक, वर्धा

उत्तर : ओपन होते ती पेट्रोलची टाकी. सेन्सर गायब झाला की ईसीयू चेक इंजिनचा दिवा लावतो आणि सावधगिरी म्हणून राखीव, घट्ट मिश्रणावर जातो. पिकअप चार दिवस बरा वाटतो, ॲव्हरेज घसरतं, प्लग काळा पडतो, आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जागेवर असेल तर जास्तीचं पेट्रोल त्यात जळून तो खराब होतो. पिन परत लावा.

प्रश्न : मी पुण्याहून डायनो करून आलो. कागदावर २१ हॉर्सपॉवर दिसतात. कंपनी २०.२ सांगते. म्हणजे वाढली ना?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : सांगता येत नाही. कंपनीचा आकडा इंजिनच्या शाफ्टवरचा आहे. डायनो मागच्या चाकावर मोजतो आणि गिअर-चेनमध्ये दहा-पंधरा टक्के जातातच. काही डायनोवाले हा तोटा अंदाजानं परत मिळवून छापतात, काही नाही. कागदाच्या कोपऱ्यात ‘करेक्टेड’ लिहिलं आहे का ते बघा. तसं असेल तर त्या दिवसाचं तापमान आणि हवेचा दाब धरून आकडा प्रमाण परिस्थितीवर आणलेला असतो. मेमध्ये तो मूळ मोजणीपेक्षा वर जातो, जानेवारीत खाली येऊ शकतो. ट्यूनिंगच्या आधीचा आणि नंतरचा, त्याच डायनोवरचा, त्याच दिवसाचा, दोन्ही कागद हातात असतील तरच फरकाला अर्थ आहे. आधीचा कागद घेतला होता का? नसेल, तर पुढच्या वेळी काम सुरू होण्याआधी मागून घ्या. आणि शिखरावरच्या आकड्याऐवजी तीन ते पाच हजारांमधली टॉर्कची रेघ बघा. ती कुठे खचत नसेल, तर पैसे वसूल.